दहा वर्षांनी बॉडीबिल्डिंगच्या स्टेजसाठी पुन्हा ट्रंक (स्पर्धेची चड्डी) चढवायची असेल तर

व्यायाम सुटलेला बॉडीबिल्डर परत वजनं उचलायला लागला की पहिल्या अडीच-तीन महिन्यांत भराभर भरतो. नवशिक्याला जे कमवायला दोन वर्षं लागतात, ते त्याच्या अंगावर काही महिन्यांत दिसायला लागतं. स्नायू वाढताना त्याच्या तंतूंमध्ये जादा केंद्रकं येतात आणि व्यायाम थांबल्यावरही ती बराच काळ टिकून राहतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. घात नेमका इथेच होतो. स्नायू परतला तरी टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) परतलेला नसतो, हृदयाचं वय वाढलेलं असतं आणि स्टेजवर उभं राहण्याचा दम तर पार गेलेला असतो. म्हणून वेळापत्रक आखताना सगळ्यांत सावकाश परतणाऱ्या गोष्टीच्या वेगाने चला. आरशात काय दिसतं यावर तारीख ठरवू नका.

पाच वर्षांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर पहिल्या सेटपासून स्पर्धेपर्यंत १२ ते १४ महिने धरा. उदाहरणार्थ, फेब्रुवारीच्या मध्यावरची स्पर्धा धरली तर आदल्या वर्षी जानेवारीत सुरुवात, ऑगस्टपर्यंत बांधणी (स्नायू वाढवणं), आणि चतुर्थी आटोपली की कटिंग (चरबी उतरवणं). गोव्यात हा हिशेब सोयीचा पडतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी असते, ताजं मासळं कमी आणि महाग मिळतं. ते दिवस बांधणीत जातात, जेव्हा अंडी, चिकन आणि कडधान्यावर सहज भागतं. नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं हेही कटिंगच्या आधी होऊन जातं. चतुर्थी उशिरा असेल तर ते दिवस आहारात आधीच धरून ठेवा. घरच्या गणपतीसमोर डबा घेऊन बसायची वेळ येऊ नये. कटिंगच्या महिन्यांत जत्रा, लग्नं आणि नाताळ येतातच, तेव्हा घरच्यांना तारखा आताच सांगा.

आधी डॉक्टर, मग डंबेल

चाळिशी ओलांडली असेल तर ईसीजी, रक्तदाब, लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी (सरासरी साखर), थायरॉइड, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्टबद्दल हृदयरोगतज्ज्ञालाच विचारा. पूर्वी स्टेरॉइड घेतली असतील तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जाड झालेली हृदयाची भिंत वरवर धडधाकट दिसणाऱ्या माणसातही सापडते.

दोन आकडे इथे फसवतात. जड व्यायामानंतर यकृताच्या तपासणीतले एसजीओटी आणि एसजीपीटी काही दिवस वाढलेले राहतात, कारण ही द्रव्यं स्नायूंतूनही रक्तात येतात. म्हणून तपासणीआधी आठवडाभर जड व्यायाम नको. आणि ज्याच्या अंगावर मांस जास्त आहे किंवा जो क्रिएटिन घेतो, त्याचं क्रिएटिनिन मूत्रपिंड ठीक असतानाही वर दिसू शकतं. शंका उरली तर सिस्टॅटिन-सी ही तपासणी चित्र स्पष्ट करते.

रोजची औषधं असतील तर ती वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) प्रतिबंधित यादीशी ताडून पाहा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमध्ये हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते डाययुरेटिक (लघवी वाढवणारं औषध) आहे आणि यादीत आहे. इन्सुलिनही यादीत आहे. पूर्वी तेविसाव्या वर्षी हा प्रश्नच नव्हता, आता आहे. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना पर्यायी औषध विचारा, नाहीतर उपचारासाठी सवलतीचा अर्ज वेळेत करा. टेस्टोस्टेरॉन तर डॉक्टरांनी लिहून दिलं तरी यादीतच राहतं. जिममध्ये 'एक सायकल (स्टेरॉइडचा कोर्स) मारली की झालं' म्हणणारे भेटतील. वाढलेल्या वयाच्या रक्तवाहिन्यांवर ती सायकल विशीतल्यापेक्षा कितीतरी जड पडते, तेव्हा अशा माणसाचं ऐकू नका.

पहिले सोळा आठवडे

जुनी वही कपाटात ठेवा. तिच्यातले आकडे पाहून पहिल्याच आठवड्यात पायांचे वीस सेट मारणारा माणूस जिना उतरू शकत नाही, आणि कधीकधी प्रकरण त्याच्याही पुढे जातं. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात जातं. लघवी काळ्या चहासारखी झाली, स्नायू सुजून ताठ झाले, तर पाणी पीत घरी बसायचं नाही. त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन दिवस, सर्वांग व्यायाम, प्रत्येक प्रकाराचे दोन सेट. वजन जुन्या कामाच्या वजनाच्या ४० ते ५० टक्के, १२ ते १५ रेप (आवर्तनं), आणि सेट संपवताना चार रेप हातात शिल्लक. तिसऱ्या आठवड्यापासून तीन सेट. आठव्या आठवड्यापर्यंत दर स्नायूला आठवड्याला ८ ते १० सेट, सोळाव्यापर्यंत १२ ते १४. त्यापुढे मागे पडलेल्या भागालाच वाढवा. वजन वाढवताना एकच नियम: ठरलेले सगळे रेप सलग दोन वेळा नीट निघाले तरच २.५ किलो, आणि तेही कोपर, खांदा, गुडघा दुसऱ्या दिवशी सकाळी गप्प असतील तरच.

टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्याची बळकटी स्नायूच्या मागे रेंगाळते. चौथा-पाचवा महिना सगळ्यांत धोक्याचा असतो: ताकद जुन्याच्या जवळ आलेली, आत्मविश्वास आलेला, दोरी मात्र कच्ची. बायसेप्सचं टेंडन सहसा उलट-सुलट पकडीच्या डेडलिफ्टमध्ये, तळवा पुढे असलेल्या हाताचं तुटतं. छाती फाटते ती बेंच प्रेसच्या तळाशी, बार छातीजवळ असताना. म्हणून पहिले सहा महिने डेडलिफ्टला दोन्ही तळवे आत, हवं तर स्ट्रॅप. बेंचऐवजी डंबेल किंवा मशीन. आणि सहा रेपच्या खाली कुठेही नाही. बार खाली नेताना तीन सेकंद मोजा. स्पर्धेत परीक्षक बारवर किती प्लेटा होत्या ते विचारत नाहीत.

वजनाचा हिशेब

स्पर्धेचा वजनगट ठरवताना लोक आजच्या वजनावरून अंदाज बांधतात आणि फसतात. हिशेब असा करा. समजा बांधणी संपताना वजन ८४ किलो आणि चरबी अंदाजे २० टक्के आहे. म्हणजे चरबीविरहित वजन सुमारे ६७ किलो. स्टेजवर ६ टक्के चरबी धरली तर ६७ भागिले ०.९४, म्हणजे ७१ किलोच्या आसपास. कटिंगमध्ये थोडं मांस आणि पाणी जाणारच, तेव्हा प्रत्यक्षात ७० ते ७१. घालवायचे आहेत साधारण १३ ते १४ किलो. आठवड्याला सरासरी ६०० ग्रॅम या वेगाने २२-२३ आठवडे, अधिक मध्ये एक आठवडा पोटभर खाण्याचा. बारा आठवड्यांत हे उरकायला गेलात तर मांसही जाईल आणि चेहरा ओढलेला, मांड्या सपाट दिसतील.

गटाची मर्यादा ७० असेल आणि तुम्ही ७१ वर ठणठणीत दिसत असाल तर वरच्या गटात उतरा. शेवटच्या रात्री पाणी तोडून एक किलो खाली आणल्याने जेवढं मिळतं त्याहून जास्त जातं. मास्टर्स गट बहुतेक ठिकाणी पुरुषांसाठी चाळिशीपासून असतो, पण वय कोणत्या तारखेला मोजतात आणि कोणते गट आहेत हे आयोजक संघटनेकडून लेखी घ्या. क्लासिक फिजिक या गटाला उंचीनुसार वजनाची कमाल मर्यादा असते. पूर्वी भारदस्त असलेल्यांना आता मेन्स फिजिकपेक्षा हा गट अनेकदा जास्त शोभतो.

ताटात काय

वरच्या उदाहरणातल्या माणसाने सुमारे २,००० कॅलरी आणि १७० ग्रॅम प्रथिनांवर सुरुवात करावी. एका दिवसाचं ताट असं जमतं: २ पूर्ण अंडी आणि ६ अंड्यांचं पांढरं, चिकन ब्रेस्ट २०० ग्रॅम, इसवण (सुरमई) २०० ग्रॅम, व्हे प्रोटीनचा एक स्कूप, दही २०० ग्रॅम, उकडे तांदूळ २०० ग्रॅम, अळसांदे (चवळी) ४० ग्रॅम, तांबडी भाजी किंवा दोडकी-भेंडी भरपूर, तेल तीन चमचे. चिकन, मासळं, तांदूळ, कडधान्य सगळं शिजवण्याआधी तोलायचं. शिजलेला भात तोलून कच्च्याचे आकडे लावले की हिशेब पार कोसळतो.

गोव्याच्या स्वयंपाकात प्रथिनांची ददात नाही. कॅलरी लपते नारळात. हुमणाची (मासळीच्या कढीची) वाटी, सोलकढी, भाजीवर पेरलेलं खोबरं, किसमूर (सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर), यांत चरबी किती गेली ते तोलल्याशिवाय कळत नाही. बांधणीत हे सगळं खुशाल खा. कटिंगला सोलांचं सार नारळाच्या रसाशिवाय करा, मासळं मसाला लावून तव्यावर एका चमच्यात भाजा. बांगडा आणि तारले उत्तम, पण त्यांची चरबी हंगामानुसार बरीच बदलते, त्यामुळे शेवटच्या आठ आठवड्यांत इसवण, सुंगटं (कोळंबी) किंवा चिकनवर राहिलेलं बरं. पावसाळ्यातलं सुकं मासळं मिठाने भरलेलं असतं. ते खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी काटा वर गेला तर घाबरून जेवण कापू नका, ते पाणी आहे. सकाळची पेज चालते, फक्त तांदूळ तोलून. सोमवार-गुरुवार किंवा श्रावण पाळणाऱ्यांनी त्या दिवशी पनीरवर न जाता व्हे, दही, सोयाबीन आणि कडधान्यावर जावं. पनीरमध्ये प्रथिनांइतकीच चरबी येते.

रोज सकाळी शौचानंतर वजन, आणि निर्णय सात दिवसांच्या सरासरीवर. रविवारी बेंबीवर कमरेचं माप. दोन आठवडे सरासरी आणि माप दोन्ही हललं नाही तरच १५० कॅलरी कमी करा किंवा रोज वीस मिनिटं चालणं वाढवा. एकाच वेळी दोन्ही नको. रोजची पावलं मोजा, ८ ते १० हजार. उपाशी माणूस नकळत कमी हलतो, आणि 'शरीर थांबलं' असं वाटतं त्याचं निम्मं कारण तेच असतं. वजनं मात्र हलकी करू नका. ज्या भाराने स्नायू आला त्याच भाराने तो टिकतो; थकवा आला तर सेट कमी करा.

महिला स्पर्धकांची पाळी कटिंगमध्ये थांबली तर ती मेहनतीची खूण समजू नये. ऊर्जा फार कमी पडते आहे, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. आहार वाढवा, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा.

पोझिंग

परतणाऱ्यांचं सगळ्यांत मोठं नुकसान इथे होतं. शरीर तयार, आणि तुलनेच्या दुसऱ्या फेरीत मांडी थरथरायला लागते, पोट सुटतं, श्वास दिसतो. पोझिंगचा सराव पहिल्या महिन्यापासून आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं. कटिंगला रोज वीस. सात अनिवार्य पोझ एकामागून एक, प्रत्येकी आधी १५ सेकंद, शेवटी ३० ते ४०, आणि दोन पोझच्या मध्येही पाय सैल न सोडता. पोझची बांधणी नेहमी पायापासून: पाऊल, पोटरी, मांडी, पोट, मग हात. शेवटचे सहा आठवडे आरसा झाकून मोबाइलवर चित्रण करा, कारण स्टेजवर आरसा नसतो. पाठीची पोझ तर केवळ चित्रणातच कळते. जुनी पोझ जशीच्या तशी उचलू नका. कंबर जाड झाली असेल तर किंचित वळून उभं राहणं, एका खांद्याचं दुखणं असेल तर कोपराचा कोन बदलणं, हे आता नव्याने शोधावं लागेल.

शेवटचा आठवडा

पाणी आणि मीठ तोडण्याची जुनी पद्धत सोडून द्या. स्नायूतलं ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे तिप्पट पाणी धरतं. पाणी तोडलं की त्वचेखालच्याबरोबर स्नायूतलंही जातं, पंप (स्नायूत रक्त भरून येणारा फुगीरपणा) येत नाही आणि माणूस सपाट दिसतो. वर डाययुरेटिक घेतलं तर पोटॅशियम बिघडून हृदय थांबू शकतं. बॉडीबिल्डर मोहम्मद बेनाझिझा १९९२ मध्ये नेदरलँड्समध्ये स्पर्धा जिंकल्यानंतर काही तासांत गेले. तेव्हापासून हे सगळ्यांना माहीत आहे, तरी गोळ्या फिरतातच.

पाणी नेहमीएवढंच, मीठ नेहमीएवढंच. शेवटचे दोन दिवस भात वाढवा, शरीराच्या प्रति किलोला ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं, आणि भाज्यांचा चोथा कमी करा. पण याची रंगीत तालीम तीन आठवडे आधी करून फोटो काढा. नवा पदार्थ कुठलाही नको. शेवटचा पायांचा व्यायाम पाच दिवस आधी.

टॅनचं (स्टेजसाठी अंगाला लावायच्या गडद रंगाचं) गोव्यात वेगळंच दुखणं आहे: दमट हवेत थर वाळत नाही आणि घामाने ओघळ उठतात. अंगावरचे केस आधी एकदा महिनाभर अगोदर काढून पाहा, पुरळ येत असेल तर तेव्हाच कळेल. मग स्पर्धेच्या दोन दिवस आधी. आदल्या दिवशी अंग घासून स्नान, त्यानंतर मॉइश्चरायझर नाही, डिओडरंट नाही. काखेत डिओडरंट राहिलं की टॅन हिरवट पडतो. पहिला थर आदल्या संध्याकाळी एसी किंवा पंख्याखाली, वीस मिनिटांच्या अंतराने दुसरा. झोपताना सैल काळे कपडे, जुनी चादर. पुसल्यावर हाताला लागणारा टॅन आणि जादा तेल अनेक संघटनांना चालत नाही, तेव्हा नियम आधी वाचा. ट्रंकचा रंग आणि मापही त्याच वेळी तपासा.

स्टेजमागे पंप-अप पंधरा मिनिटं: रबर बँडने पाठ, खांदे, छाती, हात. मांड्या पंप करू नका, कट्स (स्नायूंमधल्या रेषा) पुसट होतात. सोबत भाताचे वडे किंवा केळं, पाण्याची बाटली, जुना टॉवेल, दुसरी ट्रंक आणि वयाचा दाखला.

दुसऱ्या दिवसाचं जेवण स्पर्धेआधीच लिहून ठेवा. त्या रात्री आवडीचं जेवा, पण सकाळपासून ठरलेलं ताट, कटिंगच्या शेवटच्या आहारापेक्षा ४०० ते ५०० कॅलरींनी जास्त, आणि मग दर आठवड्याला थोडं वाढवत न्या. पाऊल-घोटे सुजले, धाप लागली किंवा छातीत धडधड राहिली तर डॉक्टरांकडे जा. वजन हळूहळू पाच-सहा किलोंनी वर येऊ द्या; ६ टक्के चरबीवर राहायचा प्रयत्न करू नका. महिन्याभराने पहिल्या तपासण्या पुन्हा करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पुढच्या स्पर्धेचं ठरवा.