आधी आपल्या केळीबद्दल बोला

माझं गाव चोपडा तालुक्यात. घरात अहिराणी, वावरात केळी. जळगावला एम.ए. करताना पहिल्या सेमिनारला उभी राहिले, दोन वाक्यं बोलले आणि पुढे शब्दच फुटेना. सगळं पाठ केलेलं होतं. पाठांतरातला एक शब्द निसटला की मागची अख्खी ओळ जाते. आता मी बी.ए.च्या मुलांना इंग्रजी शिकवते, आणि पहिल्याच दिवशी सांगते: इंग्रजी बोलायला शिकायचं तर पाठ करायचं नाही.

विषय असा घ्या, ज्यातलं वर्गात तुम्हालाच जास्त कळतं. केळीची बाग घ्या, नाहीतर आईची कळण्याची भाकरी. वहीत वाक्यं लिहू नका, पाच-सहा शब्द लिहा: बंच, ड्रिप, हार्वेस्ट. केळीच्या पिलाला सकर म्हणतात, तोही लिहा.

मग तीन मैत्रिणी गाठा. पहिलीला 4 मिनिटं सांगा, दुसरीला तेच 3 मिनिटांत, तिसरीला 2 मिनिटांत. भाषा शिकवणाऱ्यांची ही जुनी पद्धत आहे. ऐकणारी नवी असते, म्हणून तेच सांगायला कंटाळा येत नाही. आणि काय सांगायचं ते ठरलेलं असतं, म्हणून जीभ सुटते. पहिल्या फेरीत 'द बनाना... द बनाना...' करत अडणारी मुलगी तिसऱ्या फेरीत सलग बोलते, हे मी दरवर्षी बघते. ऐकणारीने मध्ये चूक काढायची नाही. ही अट मी फार कडक पाळते. चुका शेवटी सांगायच्या, त्याही दोनच.

केळफुलाचा इंग्रजी शब्द आठवेना? 'द रेड पार्ट ॲट द एंड ऑफ द बंच' म्हणा आणि पुढे चला. शब्द नसताना वाट काढता येणं, हेच खरं बोलणं.

अहिराणी बोलणाऱ्यांनी 'आय ॲम गोइंग'ला तर अजिबात भिऊ नये. 'मी जाई राहिनू', म्हणजे 'मी जात आहे', हे त्याच घडणीचं वाक्य आपण लहानपणापासून म्हणतोच. फक्त 'आय ॲम नोइंग' म्हणू नका. तिथे 'आय नो'.

उच्चारात एवढंच बघा: 'व्ही'ला खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, 'डब्ल्यू'ला ओठ गोल होतात. बाकी आपली खान्देशी लकब राहू द्या, तिने काही अडत नाही.

पंधरा दिवसांनी वर्गासमोर उभं राहा. विषय तोच, हातात तोच शब्दांचा कागद, आणि त्या तिघींना पहिल्या बाकावर बसवा.