भूसंपादनाचा मोबदला घेताना

मोबदला उचलायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो: पैसे घ्या, पण पावतीवर ‘हरकत राखून रक्कम स्वीकारली’ असं लिहा आणि तिची झेरॉक्स ठेवा. 2013 च्या भूसंपादन कायद्यात हरकत न नोंदवता रक्कम घेतली, की कलम 64 खाली वाढीव मोबदला मागता येत नाही. निवाड्याच्या, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या, वेळी हजर असाल तर वाढीव मोबदल्याच्या अर्जाला मुदत फक्त 6 आठवडे.

त्याआधी संयुक्त मोजणीला (संबंधित खात्यांचे अधिकारी एकत्र येऊन जमीन मोजतात तेव्हा) शेतात स्वतः उभे राहा. विहीर, पाइपलाइन, बांधावरचे आंबे पंचनाम्यात चढवून घ्या. साहेबांना घाई असते, आपल्याला नसावी. जमीन, झाडं, बांधकाम धरून निघालेल्या रकमेवर 100 टक्के दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई) लागलीय का, तेही तपासा. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेली असेल तर मात्र वाढीसाठी कलम 64 ऐवजी लवादाकडे (अशा वादांवर निर्णय देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जावं लागतं.