इमारतीचं वायफाय, पण नेटवर्क आपल्या घरापुरतं

जळगावात शिकायला आलेली मुलं, भुसावळला बदली होऊन आलेली कुटुंबं, शिरपूर-धुळ्यातल्या वसतिगृहांत राहणारे विद्यार्थी अशा अनेकांना खोलीबरोबर वायफाय मिळतं. एक कनेक्शन, मजल्यावरच्या पॅसेजमध्ये लावलेलं एक डबडं आणि सगळ्यांना एकच पासवर्ड. भाड्यात धरलेलं असतं म्हणून कोणी विचार करत नाही. मग एका रात्री आपल्या टीव्हीवर आपोआप कुणाचं तरी गाणं सुरू होतं, कारण शेजारच्या खोलीतल्या मुलाच्या फोनवर ‘कास्ट’च्या यादीत आपलाही टीव्ही दिसतो. तसाच प्रिंटरही दिसतो, लॅपटॉपवर शेअर केलेला फोल्डर दिसतो आणि पाळण्याशेजारी लावलेला कॅमेराही दिसू शकतो. एका पासवर्डवर जोडलेली सगळी उपकरणं एकाच ओट्यावर बसल्यासारखी असतात.

यावर उपाय आहे आणि त्यासाठी वेगळं कनेक्शन घ्यावं लागत नाही. इमारतीचं इंटरनेट आत घ्यायचं, पण घराच्या उंबरठ्यावर आपला स्वतःचा राउटर बसवायचा. राउटरच्या आतल्या बाजूला आपलं नेटवर्क, बाहेर इमारतीचं. बाहेरून आत काही येणार नाही, आतून इंटरनेटवर जाता येईल.

त्याआधी घरमालकाला किंवा सोसायटीच्या सचिवाला विचारा. कनेक्शन त्यांच्या नावावर असतं, त्यावरून जे काही होईल त्याची विचारणा आधी त्यांच्याकडे होते. बहुतेक जण हो म्हणतात, कारण आपण घेत असलेलं इंटरनेट तेवढंच राहतं. ज्या इमारतीत प्रत्येक खोलीला तीन-चार उपकरणांची मर्यादा असते, तिथे राउटर एकच उपकरण मोजला जातो. म्हणून तर आधी सांगितलेलं बरं.

रिपीटर घेऊ नका

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. दुकानात ‘वायफाय वाढवायचंय’ म्हटलं की भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर हातात येतो. रिपीटर सिग्नल पुढे ढकलतो, पण नेटवर्क तेच ठेवतो. त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला तरी आतली उपकरणं इमारतीच्याच यादीत जाऊन बसतात. कुलूप नवीन लावलं, पण खोलीला मागची भिंतच नाही, असा तो प्रकार.

आपल्याला हवा तो ‘विस्प’ मोड असलेला राउटर. पडद्यावर ही डब्ल्यू, आय, एस, पी अशी चार अक्षरं दिसतात. या मोडमध्ये राउटर बाहेरचं इंटरनेट तारेऐवजी वायफायनेच घेतो, पण वागतो पुरा राउटरसारखा: आतल्या उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते, म्हणजे आयपी, स्वतः वाटतो आणि बाहेर सगळ्यांच्या वतीने एकच पत्ता दाखवतो. टीपी-लिंक, टेंडा यांच्या बऱ्याच मॉडेलांत हा मोड असतो, सगळ्यांत नसतो. म्हणून जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असो की गावातल्या दुकानात, खोका उघडण्याआधी मॉडेलच्या माहितीत ही चार अक्षरं आहेत का ते पाहा. नावांचा एक घोळ लक्षात ठेवा. जीएल-आयनेटच्या छोट्या प्रवासी राउटरवर याच कामाला ‘रिपीटर’ लिहिलेलं असतं, पण तो आपलं वेगळं नेटवर्क करतो. तो चालतो.

राउटर दोन बँडचा घ्या, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही असलेला. एकच बँड असेल तर तोच रेडिओ इमारतीकडून घेतो आणि तोच आपल्याला देतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. दोन बँड असले की एकावर घ्यायचं, दुसऱ्यावर वाटायचं.

वसतिगृहाच्या वायफायला पासवर्डबरोबर प्रत्येकाचं वेगळं युजरनेमही लागत असेल आणि ते ब्राउझरच्या पानावर नाही तर थेट फोनच्या वायफाय सेटिंगमध्येच भरावं लागत असेल, तर साधे स्वस्त राउटर तिथे जोडले जात नाहीत. त्यासाठी जीएल-आयनेट किंवा ओपन-डब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मोफत प्रणाली चालणारा राउटरच लागतो. हे खरेदीआधी तपासा.

खोलीत तारेचा पॉइंट असेल तर

भिंतीत नेटवर्कचा सॉकेट असेल तर देव पावला, विस्पची गरजच नाही. कॅट-५-ई किंवा कॅट-६ ची नेटवर्कची तार सॉकेटमधून राउटरच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या खाचेत, लावा, कनेक्शनचा प्रकार ‘डायनॅमिक आयपी’ ठेवा. वायफायपेक्षा हे कधीही जास्त स्थिर चालतं.

पण तार वॅनमध्येच जायला हवी. हा पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा किंवा बाकीच्यांपासून थोडा लांब असतो. चुकून लॅन पोर्टमध्ये, म्हणजे आतल्या उपकरणांसाठीच्या खाचेत, लावली तर आपला राउटर इमारतीतल्या सगळ्या फोनना पत्ते वाटायला लागतो. मग कुणाला खरा पत्ता मिळतो, कुणाला आपला, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या इमारतीचं इंटरनेट बंद पडतं. कारण कुणालाच सापडत नाही, कारण ते आपल्या खोलीत असतं. तार लावल्यावर एकदा वाकून पोर्टचं नाव वाचा.

जागा ठरवणं

घाई इथे करू नका. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं अ‍ॅप घ्या आणि इमारतीच्या वायफायचा सिग्नल खोलीत चार-पाच ठिकाणी मोजा. आकडा डीबीएम या सिग्नलच्या मापात, उणे चिन्हासह येतो; शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ७० पर्यंत काम चालतं, उणे ८० ला जोडणी होईल पण टिकणार नाही. राउटर आपल्याला सोयीच्या जागी ठेवायचा नसतो, सिग्नल जिथे चांगला येतो तिथे ठेवायचा असतो. बहुधा ती जागा दाराजवळ, पॅसेजच्या बाजूला सापडते.

साडेचार इंची विटेची भिंत फारशी नडत नाही. नऊ इंची भिंत, स्लॅब आणि लोखंडी कपाट नडतं. जुन्या वाड्यात किंवा जाड मातीच्या भिंतींच्या घरात दोन भिंती पार करणं ५ गिगाहर्ट्झला झेपत नाही, तिथे इमारतीकडून २.४ वर घ्या आणि आत ५ वर वाटा. पॅसेजमधलं डबडं दारासमोरच असेल तर उलट करा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे कूलर. पत्र्याची बॉडी आणि टाकीभर पाणी, दोन्ही वायफायला अडवतात. फेब्रुवारीत छान चाललेलं नेटवर्क एप्रिलमध्ये रडायला लागलं तर आधी पाहा, की पॅसेजकडच्या खिडकीत कूलर बसलाय का. राउटर कूलरच्या मागे न ठेवता बाजूला, खांद्याच्या उंचीवर सरकवा.

आणि ऊन. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पश्चिमेची भिंत, पत्र्याखालचा माळा, फ्रिजच्या वरची जागा टाळा. बंद कपाटात तर अजिबात ठेवू नका. दुपारी दोन ते पाचच तुटणारं आणि रात्री नीट चालणारं नेटवर्क बऱ्याचदा फक्त तापलेलं असतं. बुडाला हवा लागेल असा, छिद्रं मोकळी ठेवून, भिंतीवर टांगलेला राउटर उन्हाळा काढतो.

जोडणी

राउटरला वीज द्या, दोन मिनिटं थांबा. मागच्या स्टिकरवर त्याचं नाव आणि पासवर्ड असतो, त्याने फोन जोडा. फोनचा मोबाइल डेटा बंद करा. नाहीतर ‘या वायफायला इंटरनेट नाही’ म्हणत फोन परस्पर सिमवर जातो आणि राउटरचं पान उघडतच नाही. मग ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. अंक इंग्रजी कीबोर्डवरून टाका.

पहिल्यांदा राउटरच्या पानाचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. त्यानंतर, विस्पला हात लावण्याआधी, लॅनचा पत्ता बदला. ही पायरी गाळली की पुढचा सगळा वेळ डोकं खाण्यात जातो. इमारतीचा राउटर १९२.१६८.०.१ वर असेल आणि आपलाही त्याच पत्त्यावर, तर आत काय आणि बाहेर काय हे आपल्या राउटरला कळत नाही. वायफाय जोडलेलं दिसतं, इंटरनेट येत नाही. लॅन सेटिंगमध्ये १९२.१६८.५०.१ टाका, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० राहू द्या. पत्ते वाटण्याची हद्द, म्हणजे डीएचसीपी, १९२.१६८.५०.१०० ते १९२.१६८.५०.१९९ ठेवा. राउटर बंद होऊन चालू होईल, फोन पुन्हा जोडावा लागेल आणि पान आता नव्या पत्त्यावर उघडेल. काही राउटर अशी टक्कर झाली की स्वतःच आपला पत्ता बदलतात. पान अचानक सापडेनासं झालं तर फोनच्या वायफाय तपशिलात ‘गेटवे’ पाहा, तोच राउटरचा पत्ता.

आता ऑपरेशन मोडमध्ये जाऊन विस्प निवडा, स्कॅन करा, यादीतून इमारतीचं वायफाय उचला आणि त्याचा पासवर्ड भरा. सुरक्षेचा प्रकार राउटर बहुधा स्वतः ओळखतो. नंतर आपल्या वायफायचं नाव द्या, ते इमारतीच्या नावापेक्षा वेगळं असायला हवं, नाहीतर फोन कधी इकडे कधी तिकडे जोडला जाईल. नावात खोली क्रमांक किंवा आडनाव घालू नका. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ एईएस किंवा डब्ल्यूपीए-३, पासवर्ड किमान १२ अक्षरांचा. पासवर्डाशिवाय बटणाने किंवा पिनने जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद, बाहेरून राउटर हाताळण्याची रिमोट मॅनेजमेंट सोय बंद. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरमधल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलं असेल तर तेही इंटरनेट सुरू झाल्यावर लगेच करून घ्या.

चॅनेल, म्हणजे बँडमधली एक पट्टी, याबद्दल एवढंच: ज्या बँडवर आपण इमारतीकडून घेतो, त्या बँडवर आपला चॅनेल इमारतीचाच राहतो, तो बदलता येत नाही. दुसऱ्या बँडवर मोकळा चॅनेल निवडा. २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकीच एक घ्या, मधले चॅनेल दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना त्रास देतात.

लॉगिनचं पान येत असेल तर

काही ठिकाणी जोडल्यावर मोबाइल नंबर आणि ओटीपीचं पान येतं. राउटरला ते भरता येत नाही, पण त्याच्यामागे जोडलेल्या फोनवरून भरता येतं. एकदा भरलं की मागची सगळी उपकरणं चालतात, कारण बाहेरच्याला एकच उपकरण दिसत असतं. पान उघडत नसेल तर अँड्रॉइडमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) तात्पुरतं ‘ऑटोमॅटिक’वर आणा, राउटरमध्ये स्वतः डीएनएस टाकला असेल तर तोही काढा, आणि ‘एस’ नसलेल्या साध्या एचटीटीपीने सुरू होणारा एखादा पत्ता उघडा. जिथे उपकरणाची नोंद मॅक पत्त्याने, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने, करतात, तिथे व्यवस्थापकाला राउटरच्या स्टेटस पानावरचा बाहेरच्या बाजूचा मॅक द्या. स्टिकरवरचा मॅक बऱ्याचदा आतल्या बाजूचा असतो आणि शेवटच्या अंकात फरक असतो. नोंद होऊनही इंटरनेट का येत नाही, त्याचं कारण तेवढंच असतं.

झालं की नाही ते तपासणं

दोन फोन घ्या. एक आपल्या नेटवर्कवर, एक इमारतीच्या वायफायवर. इमारतीच्या फोनवरून नेटवर्क स्कॅन करणारं अ‍ॅप चालवा. यादीत आपल्या उपकरणांपैकी फक्त राउटर दिसला तर चालेल. आपला टीव्ही, प्रिंटर किंवा कॅमेरा दिसला तर दोनच कारणं असतात: मोड रिपीटरवर राहिला आहे, किंवा ते उपकरण अजून जुन्याच वायफायला चिकटलेलं आहे. दुसरं जास्त वेळा घडतं. म्हणून प्रत्येक उपकरणात जाऊन इमारतीचं वायफाय ‘विसरा’ करा, टीव्हीवर तर आवर्जून.

एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. शेजाऱ्यांपासून हा उंबरठा राखतो, पण आपण कोणत्या साइटवर जातो ते इमारतीचं कनेक्शन चालवणाऱ्याला दिसू शकतं. बँकेच्या पानावरचा मजकूर आणि पासवर्ड एचटीटीपीएसमुळे झाकलेला राहतो, साइटचं नाव बहुधा राहत नाही. तेही झाकायचं असेल तर भरवशाचं व्हीपीएन, म्हणजे सगळी ये-जा झाकून नेणारी सेवा, लागतं. फुकटच्या व्हीपीएनवर भरवसा ठेवू नका.

वेगाचंही तसंच. रात्री नऊला सगळी इमारत व्हिडिओ पाहत असेल तर आपला राउटर जादू करू शकत नाही. दोन राउटर एकामागे एक असल्याने बाहेरून घरच्या कॅमेऱ्यापर्यंत थेट पोर्ट उघडणं जमत नाही आणि काही ऑनलाइन गेम तक्रार करतात. कंपनीच्या अ‍ॅपवर चालणारे कॅमेरे मात्र चालतात.

वीज जाते तेव्हा

वीज परत आल्यावर आपला राउटर इमारतीच्या डबड्याआधी उठतो, त्याला बाहेरचं वायफाय सापडत नाही आणि काही स्वस्त मॉडेल पुन्हा शोधतच नाहीत. पाच मिनिटं थांबून राउटर एकदा बंद-चालू करा. राउटरसाठीचा छोटा यूपीएस लावणार असाल तर अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा आधी वाचा. काही राउटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. पिन बसते म्हणून ९ च्या राउटरला १२ देऊ नका, तो जळू शकतो. आणि पॅसेजमधल्या डबड्याला यूपीएस नसेल तर आपल्या यूपीएसचा इंटरनेटसाठी काही उपयोग नाही. ते सोसायटीच्या बैठकीत मांडा, एका यूपीएसवर सगळ्या मजल्याचं भागतं.

खोली सोडताना राउटर मागे ठेवून जाणार असाल तर त्याच्या मागचं बारीक छिद्र टाचणीने दहा सेकंद दाबून धरा, दिवे एकदम लुकलुकले की सोडा. आपला पासवर्ड आणि इमारतीचाही, दोन्ही त्यातून पुसले जातात.