अंगणवाडीच्या प्रशिक्षणातून पदवीकडे: सोलापूर जिल्ह्यातल्या सेविकांसाठी

नोकरीला दहा-पंधरा वर्षं झाली की अंगणवाडी सेविकेकडे प्रमाणपत्रांची एक जाड फाइल जमते. यातलं काही बीएला धरतात का? थोडं धरतात. पण ‘एवढ्या प्रशिक्षणांवर एक वर्ष माफ होतं’ असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आधी हिशेब. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार ३० तासांच्या अभ्यासाला एक क्रेडिट, म्हणजे पदवीकडे मोजलं जाणारं एक एकक, मिळतं. वर्षाचे १२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० लागतात. ‘पोषण भी, पढाई भी’चं तीन दिवसांचं प्रशिक्षण दिवसाला सहा तास धरलं तरी १८ तासच होतं, त्यात एक क्रेडिटही बसत नाही. १५० तासांच्या प्रशिक्षणाचे कागदावर पाच क्रेडिट होतील, पण त्याच्या शेवटी परीक्षा झाली असेल तरच. नुसत्या हजेरीला क्रेडिट नाही. मिळालेल्या क्रेडिटला अनुभवाचं वजनही आराखड्यात आहे, जास्तीत जास्त दुपटीपर्यंत, पण शून्याची दुप्पट शून्यच. म्हणून फाइल उघडून दोन गठ्ठे करा: ‘सहभागी झाल्या’ लिहिलेले कागद एकीकडे, गुण किंवा श्रेणी लिहिलेले दुसरीकडे. कामाचा गठ्ठा दुसरा.

त्यातही तारीख बघा. क्रेडिट जमा होतात अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीत. २०२१ च्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांप्रमाणे तिथे २०२१-२२ पासूनचेच क्रेडिट जातात, ते जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात आणि नोंदणीकृत संस्थाच ते चढवते. आपण प्रमाणपत्र स्कॅन करून टाकू म्हटलं तर तशी सोयच नाही. त्यामुळे जुन्या प्रशिक्षणाचा उपयोग झालाच तर कॉलेज किंवा विद्यापीठ पूर्वज्ञानाचं मूल्यमापन करायला तयार असेल तिथे. अशा वेळी कागद नेमका हवा. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेकडून पत्र घ्या: ‘श्रीमती … यांनी दि. … ते दि. … या कालावधीत … तास सैद्धांतिक व … तास प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण केले असून त्यांची लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा घेण्यात आली. प्राप्त गुण … पैकी …’. सोबत अभ्यासक्रमाची प्रत लावा. तासांऐवजी ‘२६ दिवस’ असं लिहून आलं तर परत पाठवा, कारण दिवसांवरून क्रेडिट काढता येत नाही. अनुभवाचं पत्र बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या सहीचं घ्या, त्यात नेमणुकीची तारीख आणि कामाचं स्वरूप हवं. आषाढी वारीच्या दिवसांत जिल्ह्याची यंत्रणा, विशेषतः माळशिरस-पंढरपूरकडची, पालख्यांच्या तयारीत असते. प्रवेशही त्याच सुमारास सुरू होतात, म्हणून सह्या मे महिन्यातच उरकून घ्या.

बारावी नसेल तर पदवीचा विचार तिथेच थांबतो, आधी बारावी करा. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं किंवा एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून. एनआयओएसच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, आणि बारावीला पूर्वबाल्य संगोपन व शिक्षण हा विषयही घेता येतो. रोजचंच काम असल्यामुळे सेविकेला तो जड जात नाही.

जुन्यातून फार काही निघत नसेल तर क्रेडिट देणारा नवा कोर्स करणंच सरळ. इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, पूर्वबाल्य संगोपन व शिक्षण पदविका ३२ क्रेडिटची आहे. बारावीवर प्रवेश मिळतो, किमान मुदत एक वर्ष. त्यात प्रकल्पकाम असतं, आणि मुलं आपल्याच अंगणवाडीत असल्यामुळे निरीक्षणाच्या नोंदी रोज करता येतात. अडतं असाइनमेंटपाशी: पेपर दिला, असाइनमेंट राहिली, की निकाल अपूर्णच दिसत राहतो. मुक्त विद्यापीठात प्रवेशाआधी डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) काढावा लागतो, आणि त्यासाठी एबीसीचा आयडी. हे ३२ क्रेडिट बीएतून आपोआप वजा होत नाहीत. किती धरायचे ते पदवी देणारं विद्यापीठ ठरवतं, आणि नियमाने निम्मे तरी क्रेडिट त्याच विद्यापीठातून मिळवावे लागतात.

गल्लीबोळातल्या नर्सरी टीचर ट्रेनिंगच्या जाहिरातींपासून जपून राहा. ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ एवढ्यावर पैसे भरू नका. विद्यापीठाचा कोर्स असेल तर यूजीसीच्या यादीत, कौशल्याचा असेल तर राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत, शिक्षक पदविका असेल तर एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) यादीत नाव सापडलं पाहिजे. सापडलं नाही तर ते प्रमाणपत्र एखाद्या खासगी बालवाडीत चालेल, पदवीला नाही.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या कॉलेजात बीएला जाणार असाल तर प्रवेश समितीला ‘सूट मिळेल का’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’च येईल. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय) यांखेरीज कौशल्याचे कोर्स, ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) असे रकाने असतात. बालसंगोपनाचं काम यात बसतं. मेजरमध्ये सहसा बसत नाही, त्यावर वेळ घालवू नका. ऑन जॉब ट्रेनिंगचे चार क्रेडिट म्हणजे १२० तास. आपली अंगणवाडी त्यासाठी चालेल का, हे त्या सत्राच्या आधी मार्गदर्शक प्राध्यापकांना लेखी विचारा, सोबत अनुभवाचं पत्र द्या. काम संपल्यावर विचारलं तर ते मोजत नाहीत, कारण सुरुवातीला उद्दिष्टं आणि मूल्यमापनाची पद्धत ठरलेली नसते.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावापाशी. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, नेमणुकीच्या आदेशावर तिसरंच काहीतरी. एबीसीचा बारा अंकी आयडी डिजिलॉकरमधून (सरकारी कागदपत्रांच्या ऑनलाइन कपाटातून) आधारच्या नावाने निघतो आणि कॉलेजकडे प्रवेश गुणपत्रिकेच्या नावाने होतो. दोन्ही जुळले नाहीत की क्रेडिट चढत नाहीत. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा, नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत नोंद करून घ्या. बऱ्याच ठिकाणी तेवढं पुरतं, नाहीतर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. मग एकच नाव ठरवा आणि कॉलेजचा अर्ज, एबीसी, बँक, सगळीकडे तेच ठेवा. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना तेही बघा. तो नवऱ्याच्या जुन्या सिमचा असला तर ओटीपी येत नाही, म्हणून नंबर आधीच आधार केंद्रात बदलून घ्या.

निकाल लागल्यावर डिजिलॉकर उघडून क्रेडिट दिसतात का ते प्रत्येक सत्रानंतर तपासा. दिसले नाहीत तर कॉलेजच्या परीक्षा विभागात एबीसी आयडी आणि गुणपत्रिकेची प्रत देऊन लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.