गिम्प शिकताना: सवय कोणती आणि उणीव कोणती

चित्रसंपादन शिकायला लागले तेव्हा मला मिळालेले पहिले काम अगदी साधे होते: एका वस्तूच्या फोटोतली पांढरी पार्श्वभूमी काढून तिथे पारदर्शक जागा ठेवायची. गिम्प या चित्रसंपादनाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जेपेग फाइल उघडली, इरेझर घेतला आणि घासायला सुरुवात केली. पांढऱ्याच्या जागी पांढरेच येत राहिले. इरेझरचा आकार बदलला, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, अर्धा तास गेला आणि हे सॉफ्टवेअर निकामी आहे असे मी मनाशी ठरवूनही टाकले. कारण नंतर समजले. जेपेगमध्ये पारदर्शकता साठवण्याची सोयच नसते, त्यामुळे अशा फाइलमधून उघडलेल्या लेयरला, म्हणजे चित्राच्या थराला, अल्फा चॅनेल (कोणता भाग किती पारदर्शक हे नोंदवणारी माहिती) नसतो, आणि तो नसला की इरेझर पुसण्याऐवजी पार्श्वभूमीसाठी निवडलेला रंग भरतो. लेयर मेनूतून अल्फा चॅनेल जोडल्याबरोबर त्याच इरेझरने काम केले आणि खोडलेल्या जागी पारदर्शकता दाखवणारे राखाडी चौकोन दिसू लागले.

गिम्प वापरायला सोपे की अवघड, हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे आणि त्यातल्या दोन्ही बाजू मला त्या अर्ध्या तासात भेटल्या. एका बाजूचे म्हणणे असे की अल्फा चॅनेल म्हणजे काय हे माहीत नसेल तर ते शिकून घ्यावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की इरेझर पुसणार नसेल तर प्रोग्रामने निदान तसे सांगावे. मला दोन्ही पटतात. म्हणूनच नव्याने शिकणाऱ्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते: आपले अडते आहे ते दुसऱ्या प्रोग्रामच्या सवयीमुळे, आपल्याला एखादी संकल्पना माहीत नसल्यामुळे की सॉफ्टवेअरच्या खऱ्या उणिवेमुळे, हे आधी ओळखावे. हे न ओळखता वादात पडले की वेळ जातो आणि शिकणे मागे राहते.

थोडा इतिहास माहीत असला तर हे सोपे जाते. स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिम्प लिहायला घेतले आणि १९९६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. बटणे आणि मेनू काढण्यासाठी आधी वापरलेले मोटिफ हे साधन मुक्त नव्हते, म्हणून त्यांनी जीटीके हे स्वतःचे साधन तयार केले. हे सगळे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या वातावरणात घडत होते. तिथे प्रत्येक पटल वेगळ्या खिडकीत उघडणे आणि अनेक आभासी पडद्यांवर खिडक्या पसरून ठेवणे वापरकर्त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. विंडोजवर मात्र त्याच सुट्या खिडक्या एकमेकींच्या मागे लपत, टास्कबार भरून टाकत, आणि टूलबॉक्स शोधण्यातच माणूस थकून जाई. तक्रारी साहजिकच होत्या. २०१२ च्या २.८ आवृत्तीत सगळे एका खिडकीत आणण्याचा पर्याय आला आणि २०१८ च्या २.१० मध्ये तीच मूळ मांडणी झाली. या वादात तक्रार करणारे बरोबर होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच २.८ आवृत्तीने दुसरा, आजही न मिटलेला वाद सुरू केला. तोपर्यंत कंट्रोल-एस दाबून जेपेग थेट साठवता येत असे. त्यानंतर ‘सेव्ह’ फक्त गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपासाठी राहिले आणि बाकी सगळ्या स्वरूपांसाठी ‘एक्स्पोर्ट’ आले. लेयर, मास्क (लेयरचा काही भाग न पुसता झाकणारा पडदा) आणि मजकूर पुन्हा बदलता येतील असे ठेवायचे तर ते एक्ससीएफमध्येच टिकते, जेपेगमध्ये सगळे एका थरात मिसळून जाते, असा यामागचा विचार होता. ज्यांना दिवसभरात शंभर फोटो नुसते कापून पुन्हा जेपेग करायचे होते त्यांना मात्र ही अडवणूक वाटली, कारण एक्स्पोर्ट केल्यानंतरही फाइल बंद करताना ‘बदल साठवलेले नाहीत’ ही सूचना येतेच.

ही सूचना मला महागात पडली. एका कार्यक्रमाचे भित्तिपत्रक केले, जेपेग एक्स्पोर्ट केले, बंद करताना रोजचीच सूचना आली आणि रोजच्याप्रमाणे मी बदल टाकून दिले. दुसऱ्या दिवशी तारीख बदलून मागितली गेली. एक्ससीएफ कधी साठवलेच नव्हते, त्यामुळे मागच्या रंगछटेसकट तो भाग पुन्हा रंगवावा लागला आणि अक्षराची जाडी जुळवण्यात संध्याकाळ गेली. विकासकांचा विचार योग्यच होता हे मला त्या दिवशी पटले, आणि प्रत्येक वेळी येणारी सूचना माणूस वाचेनासा होतो हेही पटले. तेव्हापासून काम सुरू करतानाच मी पहिली फाइल एक्ससीएफमध्ये साठवते, एकही रेघ ओढण्याआधी. जेपेगवर छोटासाच बदल करायचा असेल तर फाइल मेनूत मूळ फाइलवरच पुन्हा लिहिण्याचा पर्याय आहे. तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

वर्तुळ काढण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. मी शिकत होते तेव्हा गिम्पमध्ये आकार काढण्याचे वेगळे टूल नव्हते. लंबवर्तुळाकार सिलेक्शन (निवडलेला भाग) घ्यायचे, ओढताना शिफ्ट दाबून ते गोल करायचे आणि मग एडिट मेनूतून सिलेक्शनच्या कडेने रेघ ओढायची. आकृत्या काढायच्या असतील तर इंकस्केप हे रेखाकृतींचे सॉफ्टवेअर वापरा, असे जाणकार सांगतात. ते खरे आहे, कारण गिम्प मुळात पिक्सेलवर, म्हणजे चित्रातल्या रंगीत ठिपक्यांवर, काम करते. पण फोटोतल्या एका भागाभोवती गोल काढून दाखवणे ही इतकी नेहमीची गरज आहे की ती पूर्ण न करणे ही मला उणीवच वाटते.

फोटोशॉपवरून येणाऱ्यांच्या तक्रारी सर्वांत तीव्र असतात आणि त्या एकाच मापाने मोजू नयेत. शॉर्टकट वेगळे आहेत, टूलची नावे वेगळी आहेत, ही सवयीची बाब आहे. २००५ मध्ये आलेल्या गिम्पशॉपने आणि नंतरच्या फोटोगिम्पने मेनू किंवा शॉर्टकट फोटोशॉपसारखे करून दिले, आणि स्थलांतराच्या पहिल्या आठवड्यांत त्याचा उपयोग होतो. पण फिल्टर लावल्यानंतर तो पुन्हा उघडून त्याचे आकडे बदलता येत नाहीत, ही तक्रार सवयीची नव्हती. व्यावसायिक कामात मत दहादा बदलते आणि दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करणे परवडत नाही. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत मूळ चित्राला धक्का न लावता फिल्टर लावण्याची सोय झाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. छपाईच्या चार शायांची सीएमवायके ही रंगपद्धत हा मात्र विचारपूर्वक हाताळण्याचा विषय आहे, कारण गिम्पमधले मुख्य काम पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांच्या आरजीबी पद्धतीतच चालते. नोकरीच्या जाहिरातीत बहुतेक वेळा फोटोशॉपचेच नाव असते, हेही नवागताने स्वच्छपणे लक्षात घ्यावे. लेयर, मास्क, कर्व्ह (उजेड-रंग बदलणारी वक्ररेषा) आणि हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) यांची समज गिम्पमध्ये पक्की झाली तर ती वाया जात नाही. फोटोशॉपची पीएसडी फाइल गिम्पमध्ये उघडते, पण तिच्यातल्या सगळ्या सोयी जशाच्या तशा येतील असे गृहीत धरू नये.

‘एवढे खटकते तर वेगळे सॉफ्टवेअर काढा’ असेही कोणी सुचवते. २०१९ मध्ये ग्लिम्प्स नावाने तसा प्रयत्न झाला. इंग्रजीत ‘गिम्प’ हा अपंगांना उद्देशून वापरला जाणारा अपमानकारक शब्द आहे, म्हणून नाव हे त्यातले मुख्य कारण होते आणि मांडणी सुधारण्याचाही मनोदय होता. २०२१ मध्ये ते काम थांबले. प्रोग्रामची संहिता (कोड) उचलून नवे नाव देता येते, पण ती वर्षानुवर्षे सांभाळायला माणसे लागतात.

शिकण्याच्या काळात मी एक वही ठेवली होती. मला काय करायचे होते, मी काय दाबले आणि काय झाले, एवढेच तिच्यात लिहीत असे. २.१० मधली करड्या रंगाची चिन्हे ओळखू येत नाहीत, ही नोंद प्राधान्यांमध्ये रंगीत चिन्हे निवडल्यावर खोडली. एका बटणामागे दडलेली टूले तिथेच सुटी करता येतात हे कळल्यावर आणखी एक नोंद गेली. मेनूत न सापडणारी आज्ञा ‘/’ ही कळ दाबून नावाने शोधता येते हे उमगले आणि अर्धे पान रिकामे झाले. दोन महिन्यांनी ज्या थोड्या नोंदी उरल्या त्यांत ती इरेझरची होती.

गिम्पच्या तक्रारी ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या गिटलॅब या संकेतस्थळावर नोंदवल्या जातात. तिथे ‘इंटरफेस वाईट आहे’ असे लिहून कोणाच्याच हाती काही लागत नाही. आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, केलेल्या कृतींचा क्रम, अपेक्षा आणि प्रत्यक्ष परिणाम, एवढे लागते. माझ्या वहीत ते सगळे आधीच लिहिलेले होते. नवी नोंद करण्याआधी जुन्या शोधल्या, तेव्हा इरेझरच्या नेमक्या याच गोष्टीवर आधी बोलणे झालेले आढळले. मी नवी तक्रार केली नाही; जेपेग उघडल्यापासून पांढऱ्यावर पांढरे येईपर्यंतच्या माझ्या पायऱ्या क्रमाने लिहिल्या, आणि इरेझर हाती घेतल्यावर खालच्या पट्टीत एक ओळ दिसली असती तर माझा अर्धा तास वाचला असता, एवढे त्याखाली जोडले.