रिमोटच्या जुन्या ट्रकचे थरथरणारे स्टिअरिंग : माझा अनुभव

जळगावच्या घरी माळ्यावर पडून असलेला, 27 मेगाहर्ट्झवर चालणारा रिमोटचा ट्रक पुन्हा सुरू केला, तेव्हा मोटर फिरू लागताच त्याची पुढची चाके थरथरत आणि मोटर थांबली की शांत होत. अशा वेळी सर्व्होलाच, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या छोट्या यंत्रणेलाच, दोष देण्याकडे कल असतो. परंतु मोटरच्या दोन्ही तारा सोडवून थ्रॉटल दिला (रिमोटवरून वेगाचा संदेश दिला) असता स्टिअरिंग स्थिर राहिले, त्यामुळे संशय मोटरवर आला.

मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश आणि त्यांना घासत फिरणारा कॉम्युटेटर यांच्यात उडणाऱ्या ठिणग्यांतून रेडिओ लहरी निघतात आणि जुन्या एएम (लहरींची तीव्रता बदलून संदेश नेणाऱ्या पद्धतीच्या) रिसीव्हरमध्ये त्या मूळ संदेशात मिसळतात. त्यांना आवर घालणाऱ्या सिरॅमिक कपॅसिटरांपैकी एकाचा पाय तुटलेला आढळला. मी तिन्ही बदलले : 0.1 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मोटरच्या दोन टोकांमध्ये, तर उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या आवरणापर्यंत. आवरण पॉलिश पेपरने घासून चांगले तापवल्याशिवाय त्यावर सोल्डर धरत नाही, आणि खरी चिकाटी तेथेच लागते.

मोटरमध्ये शिरलेली काळ्या मातीची धूळ झाडली, गिअरवरचे वाळलेले ग्रीस बदलले. 7.2 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी चार्ज धरत नव्हती, म्हणून तेवढ्याच व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आणि तिला चालणारा चार्जर घेतला. रिसीव्हरची अँटेना-तार मात्र लांब वाटली तरी कापू नये, कारण त्याने पल्ला घटतो. ती मोटर व बॅटरीच्या तारांपासून दूर, नळीतून उभी ठेवली आहे.