गणपतीत नातेवाइकांकडे: दीड-दोन वर्षांच्या मुलाला आरास कशी दाखवावी

दीड-दोन वर्षांचं मूल आरास हातांनी आणि तोंडाने पाहतं. दिवसभर "हात लावू नकोस" म्हणत राहिलं की मूल रडवेलं होतं आणि घरची माणसंही अवघडतात. म्हणून आदल्या दिवशीच फोन करा: "काकू, मखर टेबलावर आहे की चौरंगावर? समई खाली असते का?" निम्मी तयारी इथेच होते.

पोहोचल्यावर मुलाला कुणाच्या तरी कडेवर द्या आणि स्वतः गुडघ्यांवर बसून खोली पाहा. दोन वर्षांच्या मुलाचा वर केलेला हात साधारण एक मीटरपर्यंत पोहोचतो. जवळ खुर्ची असेल तर त्याहून वर. प्राणप्रतिष्ठेनंतर मूर्ती हलवत नाहीत, त्यामुळे बदल करायचे ते आजूबाजूच्या वस्तूंचे.

आधी टेबलावरून लोंबणारं कापड पाहा. मूल ते धरून उभं राहायला जातं आणि तांब्या, ताम्हन, पेटतं निरांजन, सगळंच पुढे येतं. कापडाची कड फळीखाली दुमडून रुंद चिकटपट्टीने आतून पक्की करा. टाचण्या नकोत, त्या गळतात आणि मुलाला पहिल्यांदा त्याच सापडतात.

उभ्या गौरी असतील तर जास्त जपायला हवं. स्टँडवर मुखवटा आणि दागिन्यांचा भार वर असतो, साडीच्या निऱ्या मात्र बरोबर मुलाच्या हाताशी. गौरी बसण्याआधीच घरच्यांना विचारून स्टँड मागून सुतळीने खिडकीच्या गजाला बांधून टाका, म्हणजे निरी ओढली तरी गौर कलंडत नाही. जमिनीवरच्या उंच समईऐवजी मूल असेपर्यंत छोटी समई उंच फळीवर लावा, कागदी फुलांपासून हातभर दूर. मुलाला नायलॉनचा झगा नको, सुती कपडे घाला.

आता बारीक वस्तू. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते घशात अडकू शकतं: सुपारी, सुटे मोती, माळेतून निसटलेले मणी. कापराची डबी वरच्या कपाटात ठेवा. एखाद-दुसरी वडी पोटात गेली तरी लहान मुलाला आकडी येऊ शकते. पत्रीचं तबकही वर हवं. एकवीस पत्रींमध्ये कण्हेर, धोतरा आणि रुई असतात, आणि ती तिन्ही विषारी आहेत. ही गोष्ट मोठ्यांच्याही लक्षात नसते.

सर्वांत धोक्याचे ते छोट्या दिव्यांमधले बटणासारखे चपटे सेल. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच खोल भाजतं. झाकण स्क्रूने घट्ट बसत नसेल तो दिवा सरळ काढून टाका. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट इस्पितळात जाऊन एक्स-रे काढून घ्या. मूल एक वर्षावरचं असेल आणि गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघायला मात्र उशीर नको. रुग्णवाहिकेचा नंबर 108.

एवढं आवरलं की मुलाला मनसोक्त पाहू द्या. आरतीच्या गर्दीत नको, झांजांनी मूल दचकतं. दुपारची शांत वेळ बरी. कडेवर घ्या, मखरापासून हातभर अंतरावर उभे राहा आणि एकेक गोष्ट नावाने दाखवा: सोंड, उंदीर, मोदक. मग हाताला काम द्या. दुर्वांची जुडी किंवा जास्वंदीचं फूल त्याच्या मुठीत ठेवा आणि तुमच्या हाताने त्याचा हात धरून वाहू द्या. छोटी घंटा वाजवू द्या. दहा मिनिटांनी लक्ष उडतं, तेव्हा ओढून धरू नका.

उरलेल्या वेळासाठी त्याची वेगळी आरास मांडा: एक स्टीलची परात, केळीचं पान, पाच-सहा अख्खे झेंडू, दोन वाट्या. मुलं हीच जास्त वेळ खेळतात. पाकळ्या तोंडात जातात, म्हणून कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं, आणि ते कोण हे आधीच ठरवा. "सगळे आहेतच की" असं म्हटलं की नेमकं कुणीच पाहत नसतं.

भाजलंच तर 20 मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका. आणि निघताना मुलाची मूठ उघडून पाहा, तिच्यात हमखास एखादा मणी असतो.